वहिनीने वाचलेलं युद्ध

माझी वहिनी पुस्तकं बांधते. बांधते म्हणजे वाचत नाही, हे आधीच सांगून टाकते. लोकांना उगाच वाटतं, जिच्या हाताखालून दिवसभर पुस्तकं जातात ती केवढी विद्वान असेल! कसली विद्वान? "वाचत बसले तर शिवणार कधी, वन्सं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. तिच्या लेखी पुस्तक म्हणजे फर्मे, म्हणजे त्या घडी घातलेल्या पानांच्या जुड्या, मग दोरा, खळ आणि पुठ्ठा. आत प्रेमकथा आहे की पोलिसांचा पंचनामा, याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नसायचं.

दुकान जिन्याखालचं. एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, कोपऱ्यात दाब देणारी लोखंडी प्रेस आणि स्टोव्हवर कायम खळीचं पातेलं. तो खळीचा वास तिच्या कपड्यांना इतका मुरलेला की ती घरात शिरली की मला न बघता कळतं.

आणि मी? मी बस डेपोच्या आरक्षण खिडकीमागे नोकरी केली. सुट्टे नाहीत, जागा नाही, रांगेत या, एवढ्या तीन वाक्यांवर माझी अख्खी नोकरी झाली. नवरा गेल्यावर दादाकडे, माझ्या थोरल्या भावाकडे, वरच्या खोलीत राहायला आले. वहिनीशी भांडण असं कधी झालं नाही, पण जमलंही नाही. ती कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसांचा मला संशय येतो. तेव्हा मी जर तिचं कौतुक करत असेन, तर ते तोंडदेखलं नाही एवढं ध्यानात घ्या.

त्यांची एकुलती एक लेक, बारकी. उंचीला बापाच्या वर गेली तरी नाव बारकीच. शिकून नर्स झाली आणि लांब परदेशात, एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात लागली. दिवस भरायच्या आधी जन्मलेली तळहाताएवढी पोरं काचेच्या पेटीत ठेवतात ना, त्या वॉर्डात. सगळं सुरळीत चाललेलं, आणि एका सकाळी त्या शहरावर बॉम्ब पडायला लागले.

दादाने काम सोडलं. तो फ्रिज दुरुस्त करतो; गिऱ्हाइकं फोन करून दमली, हा आपला टीव्हीसमोर. एका वाहिनीवर धूर दिसला की दुसरी लावायची, तिथेही तोच धूर. त्याचं जेवण गेलं, झोप गेली. बारकीचा फोन आला की नुसता ओरडायचा, "निघून ये! आत्ताच्या आत्ता निघून ये!" जणू ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली होती. वहिनी मात्र काहीच म्हणायची नाही. दुकानात जायची, यायची. खरं सांगते, मला चीड यायची तिची. म्हटलं, बाई आहे की पुठ्ठा?

त्याच दिवसांत वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक तिच्याकडे आलं. पाठ पार मोडलेली. जुन्या महायुद्धात कुठल्याशा राजधानीवर रोज बॉम्ब पडायचे, त्या काळाची गोष्टीसारखी लिहिलेली हकीकत. तिथला पुढारी, त्याचे मंत्री, त्याच्या घरची माणसं, आणि गल्लीबोळातले साधे लोक. वहिनीने नेहमीसारखी पाठ कापली, जुना दोरा काढला, फर्मे सुटे केले. आणि एका पानावर तिची नजर पडली. एक आई तीन पोरांना जिन्याखाली झोपवते आणि स्वतः दारात बसून राहते, असं काहीतरी होतं तिथे. वहिनी उभ्या उभ्या तो फर्मा वाचत राहिली. स्टोव्हवरची खळ करपली तरी हिला पत्ता नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मग ती रोज एकेक फर्मा पिशवीत घालून घरी आणायला लागली. मी टोकलंच, "काय गं, हे वाचनाचं खूळ कुठून आणि? घरात काय चाललंय, तू काय वाचतेयस!"

ती म्हणाली, "त्या लोकांनी काय केलं ते बघतेय, वन्सं. मला कुठे माहितीये बॉम्ब पडल्यावर काय करायचं? कुणाला विचारू?"

मी निमूट भाजी निवडायला घेतली. मला गप्प बसवणं सोपं नाही, विचारा डेपोत कुणालाही.

ती ते पुस्तक वाचायची कशी, तर एखादी नवी सून शेजारणीकडून संसाराच्या युक्त्या काढून घेते तशी. जोडे उशाशी ठेवून झोपायचं, कारण काचा जमिनीवर असतात. पाणी मिळेल तेव्हा मिळेल त्या भांड्यात भरायचं. खोलीचं दार पूर्ण लावायचं नाही, धक्क्याने चौकट वाकली की ते उघडत नाही. फोन आला की हे सगळं बारकीला. बारकी पहिल्यांदा हसली, "आई, तुला हे कोण शिकवतं?" पण दार किलकिलं ठेवायला लागली. पुढे शेजारच्या खोलीचं दार खरंच अडकलं आणि आतल्या बाईला पहारीने काढावं लागलं, तेव्हा तीच विचारायला लागली, "आज काय वाचलंस?"

असं होता होता वहिनी फोनवर तिला वाचूनच दाखवायला लागली. तिकडे त्या सगळ्याजणी तळघरात, पेट्या खाली आणलेल्या, जनरेटरची घरघर. बारकी ऐकायची आणि बाकीच्या नर्सना त्यांच्या भाषेत सांगायची. एकदा पुस्तकात असं आलं की तिथल्या निवाऱ्यात एक बाई रोज पिंजऱ्यातला पोपट घेऊन यायची, आणि पोपट हुबेहूब हल्ल्याच्या भोंग्यासारखा ओरडून सगळ्यांना उठवायचा. लोकांनी सभा भरवली, पोपट राहणार की आम्ही! तिकडे तळघरात हशा पिकला. बारकी म्हणाली, "आई, आमच्याकडे भूल देणारे डॉक्टर आहेत, ते असेच घोरतात. त्यांच्यावरही सभा भरवायला हवी." दादासुद्धा तोंड फिरवून हसला. बऱ्याच दिवसांनी त्याचे दात दिसले मला.

वाचनालयाचा शिपाई सारखा चकरा मारायचा. "बाई, पुस्तक?" वहिनी शांतपणे म्हणायची, "खळ ओली आहे अजून." बाहेर रणरणतं ऊन. तो बिचारा डोकं खाजवत परत जायचा.

पुढाऱ्याची पानं ती सुरुवातीला भराभर उलटायची. "हा माणूस झोपतो कधी? आणि याचं सगळं सांभाळणाऱ्या बायकोचं कौतुक कुणी करायचं?" पण एका ठिकाणी अडकली. पोरांना शहराबाहेर पाठवायचं की नाही यावर खल चाललेला. मंत्री म्हणतात, ज्याचं त्याला ठरवू द्या. पुढारी म्हणतो, म्हणजे उद्या काही झालं तर आईबाप जन्मभर स्वतःलाच खात बसणार. हुकूम मी काढतो. चुकलं तर शिव्या मला घालू दे.

"माणूस आहे हा," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, "त्याला काय जातंय? खुर्चीवर बसून हुकूम काढायला!" तिने फर्मा मिटून बाजूला ठेवला. "वन्सं, तेच तर अवघड आहे," एवढंच म्हणाली.

मग एका संध्याकाळी बारकीचा फोन आला. आपल्या वकिलातीने बस ठरवली होती. सीमेपर्यंत नेणार, तिथून विमान. उद्या सकाळी निघणार, पुन्हा बस मिळेल याची खात्री नाही. दादा तर उडालाच! "अगं मग भर ना बॅग! बोलत काय बसलीयेस?" मी हात जोडले वरच्या दिशेने. पण पलीकडे बारकी हो म्हणेना.

शेवटी म्हणाली, "बाबा, आईला द्या."

फोन स्पीकरवरच होता. वहिनी जवळ सरकली.

"आई, मला ठरवता येत नाहीये. तू सांग. ये म्हणालीस तर येते, मागे वळून नाही बघणार. तू सांगशील ते."

वहिनीने विचारलं, "पेट्यांतल्या पोरांना बसमधून नेता येतं?"

"नाही."

"तुझ्या जागी कोण बघेल?"

"कोणी नाही गं. आम्ही दोघीच उरलोय. दुसरी एकटी पडेल."

दादा हाताने खुणा करत होता, ये म्हण, ये म्हण. मीसुद्धा. कुठलीही आई ये म्हणाली असती. आणि ये म्हणवत नसेल, तर 'तुझं तू ठरव बाई' म्हणून अंग काढून घेतलं असतं. मी असते तर नक्की तेच केलं असतं.

वहिनी म्हणाली, "राहा."

तिने फोन आणखी जवळ ओढला. "ऐक नीट. मी सांगतेय म्हणून राहतेयस. तुझ्या मनाने नाही. उद्या काही झालं, तुला, त्या पोरांना, कुणालाही, तर ते माझ्यामुळे झालं. तू त्याचा विचार करायचा नाही. कळलं?"

"कळलं," बारकी म्हणाली. फोन बंद झाला.

दादाने काय काय म्हटलं तिला, ते मी लिहीत नाही. माझा भाऊ आहे आणि त्याचा जीव कंठाशी आला होता. मीही कमी केलं नाही. "उद्या बरंवाईट झालं तर या घरात कुठल्या तोंडाने वावरशील?" वहिनी म्हणाली, "वावरेन. तो दोष घेऊन कुणाला तरी तोंड दाखवावं लागणारच, वन्सं. तिला लागायला नको."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. बस निघायच्या वेळेला! माझं डोकंच फिरलं, आणखी चार शब्द सुनवायला मागोमाग गेले. ती टेबलाशी बसलेली, समोर कसल्याशा वह्यांची शिवण. सुईत दोरा घालत होती. जात नव्हता. पुन्हा ओठांनी ओला करून, पुन्हा. सुई आणि दोरा समोरासमोर येईनात. आजवर डोळे मिटून सुई ओवणारी बाई!

मला बघून म्हणाली, "वन्सं, जरा ओवून देता?"

मी ओवून दिली. सुनवायचं राहूनच गेलं. दुपार होईपर्यंत मी तिथे बसून एकामागून एक सुया ओवत होते आणि ती शिवत होती. इतकी वर्षं एका घरात काढली, पण ही बाई कोण आहे ते मला त्या टेबलाशी कळलं.

मग ती बातमी आली. त्या दवाखान्याच्या भागावर बॉम्ब पडले. टीव्हीवर इमारतीची एक बाजू उघडी दिसली, खाटा लोंबकळताना दिसल्या. बारकीचा फोन लागेना. वकिलातीत कुणी उचलेना. एक दिवस गेला, दुसरा गेला, मग मी मोजायचं सोडलं.

दादा वहिनीशी बोलत नव्हता. पण त्याने रागारागाने तिची पिशवी ओढली आणि फर्मे बाहेर काढले. "बघू तरी, काय भरवलंय या पुस्तकाने तुझ्या डोक्यात!" चष्मा लावून बसला. मला वाटलं, दोन पानं वाचून फेकून देईल. नाही. टीव्ही बंद करून वाचत राहिला. जिन्याखालची आई, तो पोपट, ढिगाऱ्यातून दूध घालत फिरणारा गवळी, आगीत रुग्णांच्या खाटा ओढणाऱ्या नर्सा. फर्मा संपला की हात पुढे करायचा आणि वहिनी पुढचा द्यायची. मध्येच एकदा चष्मा काढून त्याने बराच वेळ डोळे पुसले. वहिनीने चहाचा कप त्याच्या हाताशी सरकवला. त्याने तो घेतला.

फोन वाजला तेव्हा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दादाचा हात आधी पोचला. पलीकडून खरखर, मग बारकीचा आवाज, "बाबा?"

मी ताटावरून उठलेच. आणि हा माझा भाऊ, जो महिनाभर ये ये म्हणून ओरडत होता, त्याने फोन घट्ट धरला आणि विचारलं, "पोरं कशी आहेत गं? पेट्या सांभाळल्यास ना?"

"सांभाळल्या, बाबा. दोन गेली. बाकीची दुसऱ्या दवाखान्यात हलवली, छातीशी बांधून नेली आम्ही."

"शाब्बास," दादा म्हणाला. "शाब्बास गं माझी वाघीण."

तेवढ्यात वहिनीने खरकट्या हातानेच त्याच्याकडून फोन हिसकावला. इतक्या दिवसांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"पोरांचं राहू दे! तू कशी आहेस? हातपाय धड आहेत ना? घरी ये. ऐकतेयस ना? घरी ये, बारके, मी सांगते, ये आता..."

बस केव्हाच निघून गेली होती, दुसरी ठरलेली नव्हती, हे आमच्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. बारकी पलीकडून "आई, अगं आई" करत राहिली, आणि वहिनी जमिनीवर बसून म्हणतच राहिली, "ये गं, ये."