काका, लँडस्केपचं काही आलं का जी?

ग्रंथालयात पुस्तकं मागवावी लागतात. कोटेशन, मंजुरी, ऑर्डर, स्मरणपत्र, परत स्मरणपत्र. किस्से मात्र न मागवता येतात, पुस्तकांच्या आधी येतात आणि कोणी परतही नेत नाही! गोंदियापासून थोडं बाहेर, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, आमचं आर्किटेक्चरचं कॉलेज आहे. तिथं ग्रंथालय सहाय्यक म्हणून मी, पोरांचा तुरकर काका, इतकी वर्षं काढली, की आमच्याकडं पुस्तकं जास्त की किस्से, हे मोजणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यातले खरे किती, ते विचारू नका. मी सहाय्यक आहे, साक्षीदार नाही.

हे लँडस्केपच्या पहिल्या बॅचचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. लँडस्केप म्हणजे इमारतीच्या भिंती सोडून बाहेरचं सगळं. झाडं, पाणी, वाटा, बसायच्या जागा. शिकायला अकरा पोरंपोरी, शिकवायला पुण्याहून आलेल्या लिमये मॅडम, आणि ग्रंथालयात या विषयावरची पुस्तकं? तीही अकराच!

आणि अशात विद्यापीठाचं पत्र आलं. वर्षाच्या शेवटी समिती येईल, ग्रंथालय पाहील. लँडस्केपचं पुरेसं साहित्य नसलं तर अकराही जणांना नागपूरच्या कॉलेजात पाठवू.

नागपूर म्हटल्यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकटी हेमलता गप्प. गोरेगावजवळच्या खेड्यातली, रोज एसटीनं यायची. तिच्या बाबांनी साफ सांगून ठेवलं होतं, "गोंदियापर्यंत ठीक हाय. नागपूरले नाय धाडत. पोरगा पाहून ठेवला हाय मी."

तेव्हापासून ती रोज सकाळी काउंटरला कोपर टेकून एकच विचारायची, "काका, लँडस्केपचं काही आलं का जी?"

*

आमचे ग्रंथपाल कटरे सर. त्यांचा सिद्धांत सोपा होता: वाचलं की पुस्तक खराब होतं!

त्या अकरा पुस्तकांत एक परदेशी होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, जगभरातल्या बागा. ते लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांच्या कमरेला. फारच गळ घातली तर बाहेर निघायचं, पण एका अटीवर. पोरांनी हात लावायचा नाही. साबणानं हात धुऊन पानं मी पलटवायची!

मग अकरा जण टेबलाभोवती स्केचबुक घेऊन उभे आणि मधे मी.

"काका, मागचं पान."

"काका, जरा थांबा ना जी, जिना राहिला!"

वर्षभरात जपानी बागांतलं मला इतकं कळायला लागलं, की घरी परसात दोन दगड मांडले. बायकोनं त्यावर कपडे धुतले, तो भाग वेगळा.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्याच पुस्तकातल्या एका बागेचा नकाशा अकरा जणांनी काढलेला. अकरांपैकी एकाच्याही नकाशात मधलं कारंजं नाही! त्यांनी सौंदडच्या योगराजला उभं केलं.

"एवढी मोठी बाग काढलीस आणि कारंजं काऊन नाही?"

योगराज नम्रपणे म्हणाला, "सर, तिथं तुरकर काकांचा अंगठा होता!"

*

तेव्हा पुस्तकांची यादी लाकडी खणांत असायची. प्रत्येक पुस्तकाचं एक जाड कार्ड, खाली भोक, आणि सगळी कार्डं एका लोखंडी सळईत ओवलेली. पुस्तक कुठल्या रॅकवर आहे ते कार्ड पाहिल्याशिवाय देवालाही कळत नसे.

मॅडमनी पोरांना काम दिलं, कॉलेजच्या आवारातली झाडं ओळखा आणि प्रत्येकाला नावाची पाटी बांधा.

सोमवारी सकाळी कटरे सरांनी खण ओढला तर रिकामा! सळई तेवढी आत. सर खिडकीतून बाहेर पाहतात तो काय, आवारातल्या प्रत्येक झाडाला सुतळीनं एकेक कार्ड लटकलेलं!

योगराजला बोलावलं. तो म्हणाला, "सर, पुठ्ठा मजबूत, मागची बाजू कोरी आणि भोक आयतंच पडलेलं! कायले दुसरा पुठ्ठा कापून राहू?"

पुढचे आठ दिवस ज्याला पुस्तक पाहिजे त्यानं आधी मैदानात जायचं. पोरं येऊन सांगायची, "काका, ते पळसाचं द्या," "मले मोहावरचं पाहिजे." कटरे सर स्वतः रजिस्टर घेऊन झाडांची हजेरी घेत फिरले. सगळी कार्डं सापडली, एक सोडून. बाभळीचं कार्ड बाजूच्या वाडीतल्या शेळीनं सुतळीसकट खाल्लं होतं.

सरांनी रजिस्टरमध्ये प्रामाणिकपणे नोंद केली: "हरवले एक. कारण: शेळी."

प्राचार्यांकडं रजिस्टर सहीला गेलं. ते परत आलं तेव्हा खाली लाल शाईत शेरा होता: "शेळीकडून लेखी खुलासा घ्यावा."

*

मग कॉम्प्युटर आला. त्यावर फुलाफुलांची चादर, आणि आत इंटरनेट. मॅडम म्हणाल्या, "आता काळजी नको, जगातल्या सगळ्या बागा इथं दिसतील."

दिसायच्या, पण वरून खाली. एक फोटो उतरायला अर्धा तास. आधी आभाळ, मग झाडांचे शेंडे, मग फांद्या. त्यात दिवसातून तीनदा लोडशेडिंग. जमिनीपर्यंत पोचेस्तोवर लाईट जायची आणि परत आभाळापासून सुरू! पोरं समोर कागद घेऊन बसायची आणि जेवढं उतरेल तेवढं काढायची.

महिन्याअखेर मॅडमनी चित्रं मागवली. योगराजचं चित्र उभं धरलं, आडवं धरलं. अर्धा कागद निळं आभाळ, त्याखाली शेंडे, बाकी कोरं.

"योगराज, लँडस्केप शिकतोयस ना तू? मग यात जमीन कुठंय?"

"मॅडम, लाईट गेली!"

*

समिती जवळ यायला लागली तशी मॅडमनी गावोगाव निरोप धाडले. जमीन, पाणी, झाडं, बाग, यावर जे काही छापील-लेखी घरात पडलं असेल ते कॉलेजला द्या.

लोकांनी काय मन मोठं केलं! बियाण्यांच्या कंपन्यांची कॅलेंडरं आली, ट्रॅक्टर दुरुस्तीची पुस्तिका आली, एका नर्सरीची आंब्यांची यादी आली. हेमलता रोज ढीग उपसायची. कामाचं निघालं की मोठ्यानं आकडा बोलायची, "चवदा!", "पंधरा!" निकाल ऐकायला बसल्यासारखं तोंड करून.

कटरे सरांना निवडत बसायला वेळ नव्हता. आलेल्या प्रत्येक कागदावर ग्रंथालयाचा गोल शिक्का, नंबर, आणि कपाटात!

चार दिवसांनी एक पटेल घामाघूम होऊन आले. मोठे शेतकरी, डोक्याला पांढरा गमछा. "अहो सर, माया नातवानं जमिनीचं म्हणून मायाच सातबारा देऊन टाकला जी! वापस करा."

सरांनी रजिस्टर पाहिलं. "दाखल झाला आता. नंबर पडला. असा नाही निघत."

"अहो, माया नावाचा हाय!"

"असू द्या. बऱ्याच पुस्तकांवर लेखकाचं नाव असतं. म्हणून काय तो घरी घेऊन जातो?"

पटेलांनी खुर्ची ओढली, सातबारा मागवला आणि इथंच बसून वाचला. तलाठ्याकडून नवी नक्कल काढली, तरी दर बाजाराच्या दिवशी ते येत राहिले. आमचे सगळ्यात नियमित वाचक! कोणी विचारलं की सांगायचे, "मायी जमीन कपाटात हाय. पाहून येतो."

*

एवढं होऊन आकडा छत्तीसवर अडला. पाण्यावरच्या सगळ्या पुस्तकांत हेमलताला कारंजी दिसली, धबधबे दिसले, हंस दिसले. तिनं मॅडमला विचारलं, "मॅडम, आमच्या गावचा तलाव कोणत्या पुस्तकात हाय?"

मॅडमनी तासभर शोधलं. कुठंच नव्हता. आणि आमच्या भागात तर दर गावाला तलाव! मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहा."

पोरं मोजायचा टेप आणि वह्या घेऊन गावोगाव निघाली. हेमलताच्या गावी मीही गेलो होतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक म्हातारा म्हशी चारत बसला होता. पोरांच्या हातातला टेप पाहून त्यानं आधी विचारलं, "मोजून काऊन राहिले? बुजवून राहिले का?"

"नाही जी आजोबा, लिहून राहिलो."

मग खुलला. पाळ कोणी बांधली, पाणी कोणत्या बांधीत आधी जातं, धुणं कुठं, गुरं कुठं, पाळीवरची झाडं कोणाची, सगळं चालता चालता सांगितलं. योगराज मागून धावत लिहीत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आजोबा, पाणी किती खोल?"

"म्हशीले इचार!" म्हातारा म्हणाला आणि काठीनं एक म्हैस पाण्यात लोटली. ती मधोमध गेली, उभी राहिली. पाणी पाठीला टेकलं. योगराजनं इमानदारीत नकाशा काढला.

कॉलेजात मॅडमनी तो पाहिला. "सगळं छान आहे रे. पण खालच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं असतं, तिथं हे जनावर कसलं?"

"मॅडम, प्रमाणच हाय ते. एक म्हैस."

*

आता शेवटचा.

वर्षाअखेर तलावांच्या पुस्तिका तयार झाल्या. हातानं लिहिलेल्या, हातानं नकाशे काढलेल्या, लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यात बांधलेल्या. हेमलतानं आपल्या गावच्या तलावाची सरांपुढं ठेवली. सर म्हणाले, "हे दाखल कसं करू? प्रकाशकाच्या रकान्यात काय लिहू?"

"मायं नाव लिहा ना सर."

सरांनी दिवसभर विचार केला. संध्याकाळी गोल शिक्का काढला आणि प्रकाशकाच्या रकान्यात, चांगल्या अक्षरात, 'हेमलता' लिहिलं.

तिघांची समिती आली. अध्यक्ष सफारी घातलेले, चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. त्यांनी रॅकवर बोट फिरवत, हातानं लिहिलेल्या पुस्तिका सोडून, मोजलं. "छत्तीस. एवढ्यावर कसं चालेल, मॅडम?"

हेमलता कपाटाला टेकून उभी होती. तिनं ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

अध्यक्षांनी सहज म्हणून एक पुस्तिका उचलली. हेमलताची. उभ्यानं दोन पानं पाहिली. मग बसले. चहा आला, गार झाला. बाकीचे दोघे बाहेर जाऊन इमारत पाहून आले, तरी हे अजून पाळीवरच! शेवटी उठले, पुस्तिका बॅगेत टाकली आणि म्हणाले, "आज इथंच मुक्काम आहे. नीट वाचतो, उद्या देतो."

कटरे सरांनी हात पुढं केला. "नाही जमत जी. तुम्ही सभासद नाही."

प्राचार्यांनी टेबलाखालून सरांचा पाय दाबला. सरांनी पाय काढून घेतला.

"अहो, मी समितीचा अध्यक्ष आहे!"

"हो जी. पण सभासद नाही."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात अकरा जणांना नागपूरच्या गाडीत बसवलं, दहा जणांनाच म्हणा ना!

अध्यक्षांनी पुस्तिका बॅगेतून काढून काउंटरवर ठेवली. पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"सभासद व्हायला काय लागतं?"

"एक अर्ज. आणि इथल्या एका सभासदाची जामीन म्हणून सही."

त्यांनी अर्ज मागितला, भरला, आणि खोलीभर नजर फिरवली. प्राचार्य लगबगीनं पेन काढत होते, पण हे सरळ हेमलतासमोर जाऊन उभे राहिले. "बेटा, मला जामीन राहतेस का?"

हेमलतानं अर्ज घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग मान वर करून म्हणाली, "राहते ना सर. पण खाली लिहून हाय, जामीनदार पुढच्या वर्षीही इथंच शिकत असला पाहिजे म्हणून. मी राहून राहिली का इथं?"

कटरे सरांनी तेवढी मान हलवली, नियम बरोबर आहे अशी.

अध्यक्षांनी तिच्याकडं पाहिलं. मग खुर्ची काउंटरशी ओढली, बॅगेतून समितीच्या अहवालाचा कोरा कागद काढला आणि तिथंच बसून लिहायला लागले. दोन परिच्छेद. खाली सही, तारीख. कागद बाकीच्या दोघांकडं सरकवला, त्यांच्या सह्या झाल्या. तो उचलून त्यांनी हेमलताला वाचायला दिला आणि पेन तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हं. आता कर!"