द्वीनच्या नळांना पाणी

भूत भेटलं तर आधी त्याची इयत्ता विचारीन, असा मी माणूस. मालवणात इतिहास शिकवतो. पुराव्याशिवाय शेजाऱ्याच्या तापावरही विश्वास ठेवत नाही! पण हे ऐका...

साल अठ्ठावन्न. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी आर्मेनियाची जुनी राजधानी निवडली — द्वीन. भूकंपानं मोडलेलं, पुढे स्वाऱ्यांनी संपवलेलं, आता मातीखालून खणून काढलं जाणारं शहर. एका रशियन मासिकात तिथल्या टेकडीचा आणि चर्चच्या पायाचा फोटो होता. तेवढ्यावरून मोठं चित्र रंगवायला पिंगुळीचे भिवाकाका आले. चित्रकथी माणूस — चित्रं दाखवत कथा सांगण्यात जन्म गेलेला. अक्षरओळख नाही. भूकंपाबद्दल मी त्यांच्याजवळ चकार शब्द काढला नव्हता, शप्पथ!

तिसऱ्या दिवशी बघतो तर चित्रात रस्त्याखालून मातीचे नळ... एका जागी फुटलेले. कडेला रिकाम्या कळश्या घेतलेल्या बायका.

"काका, हजार वर्षांपूर्वी नळ? आमच्या मालवणात अजून नाहीत!"

"माका दिसले, म्हणान काढलंय. जमीन हालली, नळ फुटले. बायलो पाण्याची वाट बघतत."

"शाळा तपासणारे इन्स्पेक्टरसाहेब मला फाडून खातील. पुसा ते!"

"पुसलेला चित्र दाखवूचा नसता, मास्तर. ता पाण्यात सोडूचा लागता, देवासारख्या."

मी हसलो. स्वतः कुंचला घेतला आणि नळांवर माती रंगवून टाकली. काकांनी कागद गुंडाळला, गावी नेला आणि नदीत सोडला. प्रदर्शनात माझ्या वाट्याला कोरी भिंत!

दोन वर्षांनी त्याच मासिकाचा नवा अंक हाती आला. द्वीनचे नवे फोटो. रस्त्याखाली मातीचे नळ — एका जागी फुटलेले! चहा बशीतच राहिला.

पहिल्या एस्टीनं पिंगुळी गाठली. काका ओसरीवर बसलेले, दृष्टी अधू झालेली. मी फोटो त्यांच्या हातात दिला. "काका, चुकलो. तुमचे नळ सापडले."

वाटलं, म्हातारा आता माझी सालटी काढणार. त्यांनी फोटो डोळ्यांशी नेला, बराच वेळ धुंडाळला.

"बायलो खंय गेल्यो, मास्तर? पाणी इला काय त्यांका?"

त्यांना ते शहर कुठून दिसलं, मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी पुराव्याशिवाय बोललो —

"इला, काका. इला."