दत्ताभाऊंचं नकली तिकीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी थोडी बढाई ऐकून घ्या. मी पेणचा, इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर. जर्मनी एक होण्याआधी तिथं आपल्या संस्थानांसारखी लहानमोठी राज्यं होती — बव्हेरिया, सॅक्सनी, बाडेन — आणि प्रत्येकाचं पोस्टाचं तिकीट निराळं. त्या तिकिटांतला जाणकार आमच्या भागात एकच, मी! अलिबागहून, महाडहून लोक अल्बम घेऊन येतात. कागद बघून, शिक्का बघून, तिकीट खरं की नकली आणि किंमत काय, हे मी चहा निवायच्या आत सांगतो. माझी नजर तयार आहे आणि मला तिचा गर्व आहे. आजही.

दरवर्षी वाचनालयाच्या सभागृहात मी प्रदर्शन भरवतो. मधल्या काचपेटीत एकच तिकीट असायचं — बव्हेरियाचं निळं, तीन क्रॉयट्सरचं (क्रॉयट्सर म्हणजे तिथलं जुनं नाणं), माझ्या पहिल्या पगारातून घेतलेलं. त्याची खूण अशी, की कागद बनतानाच त्यात रेशमाचा लाल धागा घातलेला असतो आणि तो मागून दिसतो. किंमत म्हणाल तर फार नाही. पण अख्ख्या जिल्ह्यात ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

दत्ताभाऊ रोह्याचे. कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झालेले. तिकिटांचा नाद त्यांना माझ्यामुळेच लागला. त्यांची इच्छा एकच — प्रदर्शनात आपलं एक तरी तिकीट असावं, खाली आपलं नाव असावं. एका रविवारी सकाळी ते आले. कंपनीत यंत्र बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरनं त्यांना कधीकाळी जुन्या तिकिटांचं पाकीट दिलं होतं. त्यात एक निळं निघालं होतं.

"सर, तुमच्यासारखंच हाय. बघा तरी."

खरं कसं असतं ते दाखवायला मी माझं काढलं. दोन्ही पालथी घातली, शेजारी शेजारी, भिंगाखाली. त्यांच्या तिकिटात धागा होता — कागदात रुतलेला, टोकाला एक तंतू सुटलेला. आणि माझ्या? माझ्यावर लाल शाईची रेघ होती.

इतकी वर्षं कशी दिसली नाही? दुसऱ्यांच्या तिकिटांवर संशय घेता घेता स्वतःचं कधी भिंगाखाली घेतलंच नव्हतं. दत्ताभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी भिंग मागितलं नाही. मी समोर असताना कशाला मागतील?

मी म्हणालो — घाईत नाही, नीट विचार करून म्हणालो — "भाऊ, तुमचं नकली आहे."

त्यांचा चेहरा उतरला. मग हसले.

"नकली तर नकली. तुमच्या खऱ्याशेजारी ठेवा ना, लोकांना फरक तरी कळंल. माझ्याकडं ठेवून मी काय करू?"

आणि मी ठेवलं! दोन्ही पालथीच ठेवली, काचेतून लांबून दोन्ही रेघा सारख्याच लाल दिसतात. माझ्या वळणदार अक्षरात दोन कार्डं लिहिली. माझ्याखाली 'अस्सल'. त्यांच्याखाली 'नकली — दत्ताभाऊ, रोहा यांच्याकडून'. त्यांचं नाव लागलं. असं लागलं.

अकरा वर्षं झाली. दोन कार्डांची अदलाबदल करायला कितीसा वेळ लागतो? पेटीची किल्ली माझ्याच खिशात असते. दरवर्षी वाटतं, यंदा करू — मग कुणीतरी म्हणतं, सरांची नजर म्हणजे नजर, आणि किल्ली खिशातच राहते. भीती वाटते असंही नाही. मला ते वाक्य ऐकायला आवडतं.

यंदाही दत्ताभाऊ रोह्याहून सकाळच्या गाडीनं आले, इस्त्रीचा शर्ट घालून. दिवसभर त्या पेटीपाशी उभे होते. येईल त्याला बोट दाखवून सांगत होते, "ह्ये नकली माझं हाय. सरांनी एका नजरेत पकडलं."

मी पाठमोरा उभा राहून खुर्च्या सरळ करत होतो. सगळं ऐकू येत होतं. लाज वाटली, असं सांगितलं तर बरं दिसेल. पण मला त्या क्षणी अभिमान वाटला.