खाडीची वाळू

परवा सुनेने मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. ओल अडवणारा रंग, निम्म्या किमतीत. “आई, मागवू? मागच्या खोलीला होईल.” मी म्हटलं, त्या भिंतीने आजवर पुष्कळ रंग खाल्लेत, हाही खाईल.

ती खोली यांची. हे मस्कतला फिटर होते. कायमचं परत आल्यावर पडायला एक खोली हवी, खिडकीतून रातांब्याचं झाड दिसलं पाहिजे, एवढंच यांचं मागणं. पैसे तिकडून यायचे, बांधकाम मी बघायचे. तेव्हा मी तिशीची, आणि आपल्याइतकं शहाणं अख्ख्या तालुक्यात कोणी नाही अशी माझी पक्की समजूत. कोपरे उडालेले चिरे स्वस्तात उचलले. मोडलेल्या घराची खिडकी घासाघीस करून आणली. इथवर ठीक होतं. मग गिलाव्याची वेळ आली. नदीची वाळू महाग, म्हणून बाईसाहेबांनी खाडीची घेतली.

गवंडी म्हणाला, “वहिनी, गोड्या पाण्यानं चार-पाच वेळा धुवा. मीठ राहिलं तर भिंत जन्मभर रडंल.”

“रडू दे. डोळे पुसायला मी आहे ना.”

मे महिना, विहिरीने तळ गाठलेला. प्यायला पाणी नाही, तिथे वाळूला कुठून घालू? देवाला शिंपडावं तसं एकदा शिंपडलं आणि झालं म्हणून सांगितलं. फोनवर यांनी विचारलं, “वाळू नदीची ना?” मी म्हटलं, “मग काय समुद्राची?” उरलेल्या पैशांतून आरशाचं लोखंडी कपाट घेतलं आणि अक्कल बघा, त्याच भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या वर्षी भिंतीला पांढरी भुकटी फुटली. मी फडक्याने पुसायची, ती परत यायची. दर गणपतीला वर रंगाचा हात.

हे परत आले ते छातीचा खोकला घेऊन. डॉक्टर म्हणाले, कोरड्या खोलीत ठेवा. मी माजघरात अंथरूण घातलं, तर म्हणाले, “माझी खोली असताना मी इथे कशाला?” आणि खाट त्याच भिंतीशी. एकदा पेज घेऊन गेले तर भिंतीवरून बोट फिरवून ते जिभेला लावत होते.

“नदी खारी झाली गो आपली,” म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

“पेज निवते,” मी म्हटलं. तेवढंच सुचलं. त्यांनी परत कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढच्या पावसात ते त्याच खाटेवर गेले. छाती तिकडेच खराब झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. मी ते धरून बसते. भिंतीजवळ गेले की सुटतं.

सुनेला म्हटलं, “रंग नको मागवू. गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडून काढायचा.”

“केवढा खर्च होईल, आई. आणि कशासाठी?”

“वाळू खाडीची आहे. मी धुतली नव्हती. यांना खोटं सांगितलं.”

तिने मोबाईल खाली ठेवला. आम्ही दोघींनी मिळून कपाट ओढलं. पाठ गंजून पापुद्र्यासारखी हातात आली. पुढचा आरसा मात्र शाबूत, त्यात मी दिसत होते.

हाताचा गंज झटकत ती म्हणाली, “मग आता वाळू नदीचीच आणायची ना?”

“नदीची असली तरी,” मी म्हटलं, “माझ्यासमोर धुवायची.”