ललिताच्या प्रोग्रामची पायली

नाते गावच्या ललिताने चाळिशी उलटल्यावर महाडला कंप्युटरचा क्लास लावला, तेव्हा सासूबाई, म्हणजे ठमाबाई, म्हणाल्या होत्या, "जा गो, पण आधी भाकऱ्या थापून जा." तर अशा भाकऱ्या थापून शिकलेल्या बाईने महिनाभरात स्वतःचा पहिला प्रोग्राम लिहिला. पायलीचा आकडा घाला, किलो मिळवा!

बायकांच्या गटाला डोंगरावरच्या कुडपणच्या लग्नाचा स्वयंपाक मिळाला होता. बायका हिशेब करणार पायलीच्या मापात, पोलादपूरचा दुकानदार माल देणार किलोत. "यादी माझा प्रोग्राम करील," असं ललिता सगळ्यांसमोर बोलून बसली होती. तांदूळ कमी पडले तर त्या डोंगरावरून भर पंगतीत खाली कोण धावणार?

पडवीत लॅपटॉपभोवती बायका दाटल्या. तांदळाच्या पायल्या घातल्या, किलो आले. टाळ्या! पण एक उत्तर दिलं की प्रोग्राम आपला बंद.

"एकदा बोलून गप? माझ्या नवऱ्यासारखाच हाय," गटातली बनुबाई म्हणाली. "आता पोहे घाल बघू."

ललिताने पुन्हा सुरू करून तेवढ्याच पायल्या घातल्या. तेवढेच किलो आले.

तिचा हात थबकला. किलोभर पातळ पोह्यांना तिचा मोठा डबा पुरत नसे, तांदूळ मात्र त्याच डब्याच्या तळाशी बसत. मग दोघांचं वजन सारखं कसं? आणि तिला आठवलं. प्रोग्रामला द्यायचं वजन तिने कणगीतल्या भाताची पायली तोलून काढलं होतं. सालीसकटचं भात! तांदूळ त्याहून कितीतरी जड. याच आकड्यावर गेलो असतो, तर शेवटच्या पंगतीला नुसती आमटी वाढावी लागली असती!

"आत्या, काटा आणा! पायली आणा!" ती ठमाबाईंकडे बघून ओरडलीच.

मग काय, पडवीचं दुकान झालं. तांदूळ, पोहे, तूरडाळ, एकेक पायली सपाट भरून काट्यावर चढली. ललिता आकडे घालत प्रोग्राम सुधारत होती. आता प्रोग्राम आधी विचारायचा, 'कोणतं धान्य?' उत्तर देऊन बंद पडायचा नाही, 'आणखी काही?' म्हणायचा.

"वाल घाल," ठमाबाई म्हणाल्या.

पडद्यावर आलं, 'वाल मला माहीत नाहीत. आधी तोलून सांगा.'

पडवी हसून लोळली. "बघा गो," ठमाबाई म्हणाल्या, "येत नाय ते येत नाय म्हणतो. आमच्या घरात आजवर एकाही बाप्याला जमलं नाय!" आणि स्वतःच वाल आणायला उठल्या.

कुडपणला शेवटची पंगत उठली तेव्हा टोपात वाढप्यांपुरता भात शिल्लक होता. ललिता घाम पुसत जेवायला बसली, तोच मुलीकडची एक पाहुणी ठमाबाईंना विचारू लागली, "आत्याबाय, एवढा नेमका अंदाज कोनाचा हो?"

"आमच्या सूनबायचा," ठमाबाई म्हणाल्या. "तोललाय तिनं. पन वाल मी दिले हां!"