दोन सेकंदांचा नियम

दिनांक ७ डिसेंबर १९९८, सोमवार. रक्कम बेचाळीस हजार रुपये. इंदापूर शाखेत हजर चौघं: आमच्या दूध संघाचे मॅनेजर, शाखेचे हेडक्लार्क, आमचा प्रोग्राम लिहून देणाऱ्या बाई आणि मी.

ती रक्कम टेलिफोनच्या दुसऱ्या लाईनसाठी मीच मागितली होती. बारामतीच्या मुख्य कचेरीतला संगणक विभाग माझ्याकडं होता. इंदापूरचे आठ संगणक सकाळच्या दुधाच्या नोंदी एकाच लाईनवरून आमच्याकडं पाठवत. नऊला सगळे पाठवू लागले की लाईन तुंबे. बारा वाजले तरी निम्म्या नोंदी आलेल्या नसत. मॅनेजर म्हणाले, दुसरी लाईन मिळणार नाही. उद्या बारापर्यंत सगळ्या नोंदी आल्या नाहीत, तर परवापासून वह्या जीपनं येतील आणि विभाग बंद.

बाईंनी त्या दिवशीच्या नोंदींचे गठ्ठे मोजले. शंभरांतले त्रेसष्ट आधी पाठवलेलेच होते. लाईनच्या तोंडाशी एक यंत्र होतं, त्यात गठ्ठे रांगेत थांबत. रांग भरली की यंत्र नवा गठ्ठा टाकून देई. मग बारामतीहून गठ्ठा मिळाल्याची पोच येत नसे, आणि संगणक दोन सेकंदांनी तोच गठ्ठा पुन्हा पाठवी. एकही नोंद हरवू नये आणि कुणाला झुकतं माप नको, म्हणून आठांनाही दोनच सेकंद मी ठरवून दिले होते.

हेडक्लार्क पळसदेवचे. ते म्हणाले, "तात्या, दार बडवून घरातली गर्दी कमी हुती व्हय?"

मला राग आला. मी बाईंना विचारलं, रांग भरली हे यंत्र सांगत का नाही?

"सांगतंय की," बाई म्हणाल्या. "पोच आली नाही, हाच त्याचा निरोप."

सणसरच्या साखर कारखान्यात असताना तीन हंगाम मी ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. कारखान्याच्या आवारात गाड्या तुंबल्या की आम्ही चिठ्ठ्या निम्म्यावर आणायचो, आवार मोकळं होईल तशा थोड्याथोड्या वाढवायचो. हे मला पाठ होतं, आणि संगणकापुढं बसल्यावर मी नेमकं उलटं केलं होतं.

बाईंनी संध्याकाळपर्यंत प्रोग्राम बदलला. पोच आली नाही तर एका वेळी पाठवायचे गठ्ठे निम्मे करायचे आणि थांबायची वेळ दुप्पट, तीही प्रत्येक संगणकाची थोडी वेगळी, म्हणजे सगळे पुन्हा एकदम धडकणार नाहीत. पोच येऊ लागली की एकेक गठ्ठा वाढवायचा.

मंगळवारी नऊला मी बारामतीत पडद्यासमोर बसलो. शाखेच्या बोलायच्या वेगळ्या फोनवर इंदापूरहून हेडक्लार्क. सव्वानऊला त्यांनी सांगितलं, "हितं समदे संगणक हात बांधून बसल्यात."

पण माझ्याकडचा आकडा चढत होता, एकदाही न अडखळता. साडेनऊला आठशे. दहाला सतराशे. मी कागदावर वेळ आणि आकडा टिपत होतो, अक्षर माझं मलाच वाचता येईना. दहा सत्तेचाळीसला शेवटची नोंद आली. एकूण तीन हजार एकशे सव्वीस. मी दोनदा ताळा केला. मग खुर्चीतून उठलो आणि उगाचच खोलीला एक फेरी मारली.

"झालं का वो?" फोनवर हेडक्लार्क विचारत होते. "हितं च्या गार झाला."

मॅनेजर आले, आकडा पाहिला, घड्याळ पाहिलं आणि जीप नको म्हणाले. दुपारी बाईंच्या बिलावर त्यांनी सही केली. एक दिवसाचं काम, बाराशे रुपये. ते मी स्वतः नेऊन बाईंच्या हातात दिले.