धुराच्या डोंगराखालचा ओढा

आबा तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आले, त्यातले अडीच महिने बहरीनमधल्या हमद टाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसण्यात गेले. आई गेल्यापासून ते विचारलं तेवढंच बोलत. जानेवारीत दोन दिवस चांगला पाऊस झाला. साखीरच्या वाळवंटात ओहोळ भरलेत असं ऑफिसात कळलं. घरी सांगितलं, तर आबांनी मान वर केली.

"वाहतंय?"

तेवढ्यावर शुक्रवार ठरला. बायकोची शिफ्ट होती, म्हणून मी, आबा आणि आमची तेरा वर्षांची मुलगी सई असे तिघेच निघालो.

पहाटे निघालात तर हमद टाउनहून वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. वाटेत इथला घट्ट दुधाचा करक चहा आणि अंड्याचे पराठे घेतले. पेट्रोल धरून पाच दिनारही लागले नाहीत. बूट जुने घाला, कारण ओल्या जागी चिखल घोट्यापर्यंत येतो. तेलाच्या पाइपलाइनी आणि कुंपणं दिसली की लांबून वळा, तिकडे फिरकू देत नाहीत. हिवाळी तंबूंच्या रांगेशी गाडी लावली. समोर जबल दुखान, म्हणजे धुराचा डोंगर. नाव डोंगराचं, पण उंची आपल्याकडच्या टेकडीएवढी.

ओढा म्हणजे वीतभर पाणी, मध्येच डबकी, कडेला कोवळं हिरवं. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, उभा जन्म कालव्याच्या पाण्यामागे चालण्यात गेलेला. इथे ते आमच्या पुढे चालायला लागले.

"आबा, where does it come from?" सईने विचारलं.

"चल, बघू की," आबा म्हणाले. इंग्रजी त्यांना येत नाही, पण प्रश्न कळला होता.

अर्ध्या तासाने मी खडकावर डबा उघडला. सई म्हणाली, "I'll just see the next turn." मी हो म्हटलं. पराठे काढेपर्यंत धुकं आलं. इथे हिवाळ्यात ते येतं हे मला माहीत होतं. इतकं दाट आणि इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. दहा पावलांवरचं दिसेना. सईचा फोन गाडीत चार्जिंगला राहिला होता.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. मी पळायला लागलो, तर आबांनी दंड धरला.

"पळू नको. पाणी सोडलंस तर तूही हरवशील."

माझा आवाज ऐकून ओढ्याकाठच्या जवळच्याच एका तंबूतला बहरीनी माणूस धडपडत आला. "क्या हुआ, रफीक?" रफीक म्हणजे दोस्त, इथे अनोळखी माणसालाही तसंच हाकारतात.

"बेटी नहीं मिल रही."

"मैं गाड़ी का हॉर्न बजाता रहेगा. आवाज़ सुनके वापस आना. यल्ला, जाओ!"

मागे हॉर्न वाजत राहिला. पुढे ओढ्याला दोन फाटे फुटले होते. मी उजवीकडे वळत होतो. आबा गुडघ्यावर बसले, ओल्या गाळावर हात फिरवला आणि डावीकडे बोट केलं. बुटाचा ठसा होता, त्यात अजून पाणी झिरपत होतं.

मग आबांनी हाक मारली. "सये! ए सये, ओ दे गं!" अडीच महिन्यांत त्यांचा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. चौथ्या-पाचव्या हाकेला "आबा!" असं ऐकू आलं. ती एका डबक्याशी अंग आकसून बसली होती. मी तिला ओरडणार होतो. आबा खाली बसले, तिचे बूट काढून पाय आपल्या मफलरने पुसायला लागले. मग मी ओरडायचं सोडून तिच्या बुटांतलं पाणी ओतून टाकलं.

हॉर्नच्या दिशेने परत आलो. त्या माणसाने आम्हाला वेलची घातलेल्या अरबी कॉफीचा गहवा पाजला, आभार मानू दिले नाहीत. "मफी मुश्किल," म्हणजे काही अडचण नाही, एवढंच म्हणाला. डोंगरापर्यंत काही आम्ही पोचलो नाही.

घरी आल्यावर चहा घेताना आबा आपणहून बोलले. "तुझी आई गेली त्या सकाळी मी अशाच हाका मारत होतो. चहा झाला म्हणून उठवत होतो. तिनं काय ओ दिली नाही."

त्या सकाळबद्दल त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी पुण्याला उतरलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. सई त्यांच्या शेजारी सरकली. "आजी काय म्हणायची तुम्हाला?" तिने विचारलं. आबा जेवणाची वेळ होईपर्यंत बोलत होते.

ते परत गेले त्याला आता पंधरा दिवस झाले. वाट सोपी आहे, तुम्हीही जा; धुक्याचा अंदाज बघून जा आणि मुलांना नजरेआड सोडू नका. सई शाळेतून आली की गावी फोन लावते. बोलताना मराठी शब्द अडतो, ती थांबते. तिकडून आबा तो शब्द सांगतात आणि पुढचं ऐकायला थांबतात.